दाराबाहेरून ऐकलेली सुरुवात

शब्बीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बिडकीनला लेकीकडं होतो. त्याचा पोरगा अन्वर एवढंच बोलला, "काका, अब्बा गए. जोहर के बाद मिट्टी है." म्हंजे दुपारच्या नमाजानंतर दफन. लेकीनं लगेच गाडीत बसवून दिलं, पण रस्त्याचं काम चालू होतं, गाडी खोळंबली, आणि मी कब्रस्तानाशी पोचलो तेव्हा लोकं हातावरची माती झटकत परत निघाली होती. मी फाटकापाशीच उभा राहिलो. ज्या माणसानं उभा जन्म उशिरा येणाऱ्याला दारात रोखून धरलं, त्याच्याच मातीला मला उशीर झाला… हसला असंल मनात.

आम्ही दोघं एकाच टॉकीजला नोकरीला होतो. मी वर केबिनमधी ऑपरेटर, तो खाली दारावर. टॉकीजचं नाव लिहीत नाय, आता तिथं मंगल कार्यालय झालंय. तो सिल्लोडचा, मी देवगाव रंगारीचा, दोघंबी पोट भरायला शहरात आलेलो. मी चौथीपर्यंत शिकलो, तो तेवढाबी नाय. पण सस्पेन्सचा पिक्चर कसा सुरू व्हावा, हे आम्हाला कळत होतं असं मी छातीवर हात ठेवून सांगतो. एकच सुरुवात रोज चार खेळ, महिना महिना मशीनमधून गेली म्हंजे दगडालाबी कळंल.

गाण्याच्या पिक्चरला उशिरा आलं तरी काय बिघडत नाय, सस्पेन्सचं तसं नाय. त्याच्या सुरुवातीला कॅमेरा सगळं दाखवतच नाय. चेहरा लपवतो, बूट दाखवतो. उजेड एवढासाच, बाकी अंधार, अन् त्या अंधारात काय आहे ते बघणाऱ्यानं आपल्या मनानं भरायचं. आवाज इतका बारीक, की माणूस आपण होऊन शेंगा खायचा थांबतो. मीबी हॉलचे दिवे एकदम घालवत नव्हतो, हळूहळू मंद करत न्यायचो, आवाज जपून वाढवायचो. पिक्चर मुंबईत बनला असंल, पण भीती आमच्या हॉलमधी बनायची. अन् एवढं करून कुणी दार उघडलं की दुपारचं ऊन आत येतं, पडद्यावरचा काळा रंग राखाडी होतो, सगळा खेळ खलास.

म्हणून शब्बीरनं स्वतःचा कायदा केला. सस्पेन्सचा पिक्चर लागला की पहिली दहा मिनिटं दार बंद, अन् तो बाहेरून दाराला पाठ लावून उभा. कुणी भांडलं तर बोलायचा, "मामू, पाच मिनिट थांबा. अंदर एक की जान जानेवाली है, आराम से जाने दो."

एक पिक्चर आमच्याकडं लई चालला. पडदा सगळा काळा, नुसता आवाज, ठिप… ठिप… ठिप. मग हळूहळू घरातला एक लांब बोळ दिसतो. टोकाला दार, दाराखाली उजेडाची एक पट्टी. एक बाई झोपेतून उठून येती अन् त्या दाराआड जाती, पण कॅमेरा तिच्यामागं जात नाय. तीच त्याची हुशारी. तो बोळातच थांबतो, आपल्यालाबी थांबवतो. दाराच्या फटीतून तिचा हात नळ बंद करताना दिसतो. ठिपठिप थांबती. बाई दार ओढून परत येती, पांघरूण घेती, आपण श्वास सोडतो. अन् मग… ठिप. दाराखालच्या पट्टीत कुणाचे तरी दोन पाय उभे राहतात. तिथून पुढं नावं पडतात.

ह्याच पिक्चरला शेठचा मेहुणा बायकोला घेऊन उशिरा आला. शब्बीरनं दार उघडलं नाय. मेहुण्यानं शेठला बोलावणं धाडलं, तोवर शब्बीर त्याला बोलला, जरा कान तर लावा. शेठ तणतणत आले, तर मेहुणा दाराला कान लावून उभा, अन् त्यानं शेठलाच हातानं गप केलं. मग शेठनंबी दुसऱ्या फळीला कान लावला. त्यानंतर त्या कायद्याचा विषय टॉकीजमधी परत निघाला नाय.

पण ह्यात एक गोष्ट राहून गेली. शब्बीरनं असल्या किती सुरुवाती ऐकल्या, बघितली एकबी नाय. दहा मिनिटांनी आत यायचा तोवर मरणारा मरून गेलेला असायचा. त्या ठिपठिपीला तर तो रक्त समजायचा. मी सांगायला गेलो की कानावर हात. "नक्को बोलू. मेरेकू देखना है, पूरा, शुरू से." एकदा मीच हट्टाला पेटलो. कॅन्टीनच्या रामभाऊला दारावर उभं केलं, शब्बीरला आत खुर्चीत बसवलं अन् वर जाऊन मशीन सुरू केली. पडदा अजून काळाच होता, तेवढ्यात रामभाऊनं दार सताड उघडून एक अख्खं कुटुंब आत घेतलं, उन्हासकट. लेकरंबाळं आहेत, बसू द्या म्हणाला. मला केबिनच्या काचेतून दिसलं, शब्बीर उठला, रामभाऊला बाजूला केलं, बाहेर गेला अन् दार ओढून घेतलं. बाकीच्यांची सुरुवात नासू नये म्हणून स्वतःची सोडली. मी लई चिडलो, तर बोलला, "जाने दे. कभी देख लेंगे."

पुढं टॉकीज बंद पडली. शब्बीर पिठाच्या गिरणीत लागला. गिरणीच्या आवाजानं म्हणा, वयानं म्हणा, त्याचे कान गेले. पोरानं कानातलं मशीन आणलं, ते यानं डब्यात ठेवून दिलं, सगळं भांड्यावाणी वाजतं म्हणून. मग पिक्चरचं नाव काढणंच सोडलं. मी विचारलं तर म्हणायचा, "तब आँख बाहर थी. अब कान बाहर है."

यंदा उन्हाळा लागायच्या सुमाराला त्यानं अंथरूण धरलं. माझ्या सुनेनं तो पिक्चर मोबाइलवर शोधून दिला अन् मी दुपारचा त्याच्या घरी गेलो. खिडक्या लावल्या. अन्वरला दाराबाहेर उभं केलं, कुणालाबी सोडू नको म्हणून बजावलं. शब्बीरनं मोबाइलच्या काळ्या काचेकडं बघितलं, मग माझ्याकडं, चालू झालं का म्हणून. मी त्याचा हात हातात घेतला अन् तळव्यावर बोट टेकवलं. ठिप. परत… ठिप. त्याला समजलं. डोळे मोबाइलवर, हात माझ्या हातात.

बाईचा हात नळावर दिसला तसा तो मोठ्यानं ओरडला, कान गेलेला माणूस बोलतो तसा. "नल है ये! मैं इतने साल खून समझा." हसता हसता ठसका लागला. मी बोट उचलून धरलं. बाई येऊन झोपली. तो काचेकडं बघतो, माझ्या बोटाकडं बघतो, परत काचेकडं. मी मुद्दाम घाई केली नाय. पिक्चरमधी पडला तेव्हाच एक थेंब त्याच्या तळव्यावर टेकवला. शब्बीरनं हात झटकन ओढून घेतला.

"बंद किया था ना उसने…"

मग त्याला पाय दिसले. नावं पडायला लागली. मी पुढं चालू ठेवणार होतो, तर त्यानं मोबाइल पालथा केला. "बस. आगे का मैंने देखा हुआ है." असं बोलून कितीतरी वेळ तो छताकडं बघत पडून राहिला, तोंडभर हसत. ती आमची शेवटची भेट.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी वेळेआधी गेलो. भाभी, म्हंजे शब्बीरची बायको, त्याच्याच पलंगाच्या कडेला बसली होती. मला बोलली, "भाईसाब, उस दिन के बाद इनो किसी का हाथ नई छोडे. दूधवाले कू भी बिठाए." अन् ते ज्याच्या त्याच्या तळव्यावर ती सुरुवात कशी करून दाखवायचे ते ती सांगायला लागली. बोलता बोलता तिचं बोट पलंगाच्या लाकडावर पडत होतं. एक… मग एक… अगदी त्याच चालीनं. मग तिनं बोट उचललं अन् तसंच वर धरलं. बाई झोपली, असं हळूच बोलली.

जेवायला बसलेली माणसं थांबली. अन्वर हातात तांब्या घेऊन उभा होता, तो तिथंच उभा राहिला. घरातलं कुणी हललं नाय. आम्ही सगळे भाभीच्या बोटाकडं बघत बसलो…