कांताच्या हजेरीतली ‘बाई’

कांता आमच्या गावच्या बौद्ध मोहल्ल्यातली. ब्रह्मपुरीला कॉलेज करून आली आणि चौऱ्याऐंशी साली गावातल्या बायकांचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग तिला मिळाला. मी सरपंच दादाजींची सून, चौथी शिकून सगळं विसरलेली. घरची सून वर्गात असली की वर्ग आपल्या मुठीत राहील, असं सासऱ्यांना वाटलं. कांताला ते अजून ओळखत नव्हते.

तिला शब्दांचं भारी वेड. एखादा शब्द हाती लागला की त्याचा पिच्छा पुरवायची. तिच्या वहीत एक अख्खं पान ‘बाई’चं होतं. आपल्याकडे मोठी बहीण ती बाई आणि शाळेत शिकवते तीही बाई. बल्लारपूरच्या हिंदी बोलणाऱ्या घरांत भांडी घासते ती बाई. सिरोंच्याकडच्या तेलुगूत ‘बायि’ म्हणजे चक्क विहीर! तो शब्द संस्कृत ‘वापी’वरून आला, आपली ‘बाव’ही तिथलीच, पण आपल्या बाईचं त्याच्याशी काही नातं नाही, असं ती ठासून सांगायची. आपली बाई नक्की कुठून आली, हे मात्र तिला कोणी खात्रीने सांगेना.

त्याचं तिला दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं. माझ्या सासूला सारं गाव आशाबाई म्हणे. कांताची आई ठमा सासूपेक्षा दहा वर्षांनी मोठी, पण तिला शेंबडं पोरही ‘ठमे’ म्हणून हाक मारी. मीही मारत होते, खोटं कशाला बोलू?

पहिल्या दिवशी सासरे अध्यक्ष म्हणून खुर्चीवर बसले. वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे त्यांच्याच हातात होतं. कांताने हजेरी सुरू केली, आणि प्रत्येक नावापुढे बाई लावत गेली.

“ठमाबाई.”

कोणी उठेना. ठमा माझ्या शेजारीच भिंतीला टेकून बसली होती. जन्मात तिला कोणी अशी हाक मारली नव्हती, त्यामुळे हे आपलं नाव आहे हे तिच्या ध्यानातच येईना. कांताने पुन्हा नाव घेतलं. सासरे हसून म्हणाले, ठमी म्हण, लगेच उठते.

“माझ्या हजेरीत ठमी कोणी नाई, दादाजीभाऊ,” कांता म्हणाली. “ठमाबाई उठल्याबिगर मी समोरचं नाव घेत नाई.”

नुसतं ‘माय’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती म्हणाली नाही. सासऱ्यांचं हसू मावळलं. आता वर्ग जातो, असं मला वाटलं आणि मीही तिला ठमेच म्हणत आले, याची लाज वाटली. सासऱ्यांसमोर सुनेने तोंड उघडायची आमच्याकडे रीत नव्हती. मी उघडलं.

“ठमाबाई, तुमाले बोलावून राह्यली ना ते.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. गुडघ्यावर हात टेकून ती उभी राहिली आणि म्हणाली, “हाजर.”

कांताने वहीत हजेरीची खूण केली आणि पुढचं नाव वाचलं, “इंदुबाई.”

ते माझं होतं. मीही उठले.