मान आधी, हात नंतर

डबा उजव्या हातात धरायचा, कमरेमागे न्यायचा आणि मागे न पाहता डाव्या हाताने घ्यायचा. ऑफिसच्या स्टाफ बसमध्ये आमच्या बडे बाबूंचं रोज सकाळी हे चाले. जागा रिकामी असली तरी ते उभेच राहत. पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून, एक खांदा ड्रायव्हरकडे करून. वरचा दांडा धरायचा नाही. बस वळली की डबा हातून सुटे आणि कुणाच्या तरी मांडीवर जाऊन पडे. "माफ करजा," म्हणून ते डबा उचलत आणि स्वतःलाच सांगत, "अजून एक डाव."

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. रोज दिसतं, रोज हसू येतं, आणि ते असं का वागतं हे विचारायचं राहून जातं. बडे बाबू म्हणजे आमच्या शाखेचे हेडक्लार्क. मूळचे वर्ध्याकडचे, पण सगळी नोकरी रायपुरात गेली. ऑफिस जुन्या शहरातून जवळच वसवलेल्या नव्या राजधानीत हललं तेव्हा फायलींचे गठ्ठे ट्रकमध्ये चढवताना आम्ही दोघंच शेवटपर्यंत उभे होतो. मला याद्या करायची सवय, त्यांना गाठी पक्क्या मारायची. आमचं जमायचं ते तेवढ्यामुळेच. आता ते निवृत्त होऊन वर्ध्याला परत गेले आहेत.

ते नोकरीत असतानाच्या एका रविवारी सकाळी आमच्या साहेबांचा मला फोन आला. साहेब पुण्याचे, रायपुरात नवीनच रुजू झालेले. आवाज घाबरलेला होता. कुठल्याशा फायलीसाठी त्यांनी बडे बाबूंना फोन केला होता.

"मॅडम, ते तलावावर पडून राहिलेत. स्वतःच सांगत होते, सकाळपासून पाण्यात पडून राहिलो म्हणून. कुणी काढायला गेलंय का?"

मी साहेबांना समजावलं की आमच्या वर्ध्याकडच्या बोलीत 'पडून राहिलो' म्हणजे नुसतं 'पडतो आहे'. त्यांनी हुश्श केलं. पण मग माझ्याच लक्षात आलं की सकाळपासून पाण्यात पडतो आहे म्हणजे तरी काय? मी टॉवेल, मलमपट्टी आणि मीठसाखर पिशवीत टाकली आणि स्कूटर काढली.

नव्या राजधानीतल्या तलावावर तेव्हा एक वेगवान बोट होती. बोटीला दोरी, दोरीच्या टोकाला हँडल, आणि ते धरून माणूस पायाला पट्ट्यांनी बांधलेल्या रुंद फळीवर उभा राहून पाण्यावरून ओढला जाई. त्याला वेकबोर्डिंग म्हणतात. कॉलेजची पोरं दहा-पंधरा मिनिटं मजा करून निघून जात. त्या दिवशी फळीवर बडे बाबू होते. पंडरीहून कापड आणून गोल बाजारातल्या शिंप्याकडून शिवून घेतलेली गुडघ्यापर्यंतची पँट, तीही कडक इस्त्रीची. बोट निघाली, ते उठले, सरळ आले, मग अचानक बोटीकडे पाठ फिरवायला गेले आणि तोंडावर आपटले.

"बाबूजी, एक हाथ ला छोड़व न," एक हात सोडा म्हणून बोटवाला छत्तीसगढीत ओरडत होता. "दुनो हाथ में काबर पकड़े हव?"

बडे बाबू काठावर आले तेव्हा नाकातून पाणी वाहत होतं. मला पाहून लाजले.

"ताई, तुमी कायले आल्या?"

मी साहेबांचा किस्सा सांगितला. खूप हसले. मग टॉवेल डोक्यावर घेऊन बसले आणि हळूहळू सगळं बोलले.

त्यांची मुलगी शाळेत असताना याच तलावावर हे शिकत होती. चांगली तयार झाली होती. फक्त एक चक्कर जमायची राहिली होती. फळीवर उभ्याउभ्या पूर्ण गोल फिरायचं. बोटीकडे पाठ झाली की एक हात सोडायचा आणि हँडल कमरेमागून दुसऱ्या हातात घ्यायचं. दहावीचं वर्ष आलं. ती म्हणाली, बाबा, एवढं जमू द्या, मग मी आपणहून बंद करते. हे म्हणाले, जमो न जमो, उद्यापासून तलाव बंद.

"रडली नाही ताई ती. भांडली असती तर बरं झालं असतं. हव म्हणाली अन् अभ्यासाले बसली. त्याच्यानंतर माझ्याकडं तिनं काहीच मांगलं नाही. कॉलेज बी नाही, कपडे बी नाही. जे आणलं ते चांगलं म्हणते."

मुलगी आता हैदराबादला नोकरीला होती. फोन नियमित करायची, मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर द्यायची, तब्येतीची चौकशी करायची. तक्रार करावी असं काही नव्हतं.

"मग तुम्ही हे काहून करून राहिले, या वयात?"

"पाहून राहिलो, तिले मी काय सोडायले लावलं ते."

मनातला बेतही त्यांनी सांगितला. मुलगी दिवाळीला येणार होती. तोवर चक्कर शिकायची, तिला करून दाखवायची, आणि मग तिची राहिलेली चक्कर तिच्याकडून पुरी करून घ्यायची.

बोटीत उलटं बसून फळीवरच्या माणसावर नजर ठेवायला कुणीतरी लागतं. बोटवाला पुढे पाहतो, त्याला मागचं दिसत नाही. त्या रविवारपासून ते काम मी घेतलं. त्यामुळे बडे बाबूंचं पडणं माझ्याइतकं नीट कुणी पाहिलेलं नाही. पाठीवर पडत, कुशीवर पडत. एकदा चष्मा घालूनच गेले आणि तो तलावाला देऊन आले. पाठ फिरवण्यापर्यंत सगळं ठीक. हात सोडायची वेळ आली की मुठी आवळल्या जात आणि दोरी त्यांना उलटं खेचून टाकी. कंबर धरली, खांदा सुजला. डॉक्टरांनी बंद करा म्हटलं तर त्यांनी डॉक्टर बदलला. बसमध्ये आता डब्याऐवजी छत्री आली, कारण वरण सांडल्याच्या तक्रारी वाढल्या होत्या.

पावसाळा संपता संपता त्यांना गोम सापडली. हाताचा विचारच करायचा नाही. हँडल कमरेशी घट्ट आणायचं आणि बोट विसरून मान वळवायची. मान फिरली की खांदा फिरतो, आणि हात आपला आपण सुटतो. एका सकाळी ते असे गोल फिरले आणि उभेच राहिले. मी बोटीत टाळ्या वाजवत होते. ते मात्र गंभीर होते. दिवाळीपर्यंत पक्कं व्हायला पाहिजे, एवढंच म्हणाले.

दिवाळीत मुलगी आली. शांत, नीटनेटकी, चेहरा थेट वडलांचा. पाडव्याच्या सकाळी ती काठावर उभी राहिली आणि मी बोटीत माझ्या जागेवर बसले. बडे बाबू पहिल्यांदा पडले. दुसऱ्यांदा इतके सुरेख फिरले की पायडल बोटीतली मंडळीही पाहत राहिली. "वाह पापा," मुलगी ओरडली. तिने मोबाइलवर सगळं टिपलं होतं.

बोटवाल्याने इंजिन बंद केलं. बडे बाबू छातीभर पाण्यात उभे राहिले, पायाचे पट्टे सोडले आणि फळी काठाकडे ढकलली.

"आता तू ये. मान आधी फिरवजो, हात नंतर. तुझं तेवढंच चुकत होतं."

मुलगी हसली. हसण्यात राग नव्हता. तो असता तर बरं, असं मला त्या क्षणी वाटलं.

"नहीं पापा. मुझे तो ठीक से याद भी नहीं है. आप करो ना, आप कितना अच्छा करते हो."

"एक डाव. मी हायेच अथी."

"सच में पापा, मन ही नहीं होता अब."

फळी तिच्या पायाशी येऊन टेकली होती. तिने सलवार किंचित वर धरली आणि चपलेच्या टोकाने ती अलगद परत लोटली. फळी हलकी होती, सरळ वडलांपर्यंत गेली. त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

बोटवाल्याने मला हळूच विचारलं, बाबूजी अजून एक फेरी घेणार का. फळीवरचा माणूस पाण्यात असेल तोवर, इतर बोटींना कळावं म्हणून, मागे पाहणाऱ्याने एक हात वर धरून ठेवायचा असतो. मी माझा हात वर केला आणि बराच वेळ तसाच ठेवला.