पाण्याचं न विचारणारा भाडेकरू

नोकरीत सर्वांत जास्त ऋणी कोणाचा, असं कोणी विचारलं तर मला आधी आठवतो यवतमाळातला एक घरदलाल. या आठवणीत कोणाचंच नाव द्यायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून त्यांचंही देत नाही. मी त्यांना भाऊ म्हणतो. निवृत्तीनंतर बरेच गुन्हे विसरलो, पण भाऊंनी हाताला धरून दाखवलेला हा गुन्हा अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

मी कळंब तालुक्यातल्या एका खेड्यातला. शिपाई म्हणून भरती झालो, नोकरीत राहून बी.ए. केलं. घरातला पहिला पदवीधर. परीक्षा देत देत ठाणेदार झालो. ज्याला सगळं कागदाने दिलं, त्याचा कागदावर विश्वास जरा जास्तच असतो. यवतमाळच्या त्या ठाण्यात बदली झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात हद्दीचा नकाशा पाठ केला आणि मला वस्ती कळली असं समजलो.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेदहाला, भाऊ ठाण्यात आले. पन्नाशीचा माणूस, मूळचा तांड्यावरचा, खिशाला दोन पेन.

"सायेब, एक घर विकाले निंघालं हाय."

"मग विका. इथं काय?"

"ते घर विकूच शकत नाही ना. नर्सबाईचं हाय. अकरा वर्षं मी त्या दारात जाऊन राह्यलो. दरवेळी चहा पाजते अन् नाही म्हनते."

नर्सबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. वय सत्तरच्या पुढे, मूलबाळ नाही, एकट्या राहत. दोन दिवसांपूर्वी त्यांचा पुतण्या भाऊंकडे आला होता. काकू आजारी आहे, नागपूरला आहे, घर तातडीने विकायचं आहे, म्हणाला. भाऊंनी फोनवर बोलणं करून द्यायला सांगितलं, तर म्हणाला, काकूला ऐकू येत नाही.

"ऐकू येत नाही?" भाऊ म्हणाले. "मी नुसती गाडी रस्त्यानं नेली तरी आतून वरडते, 'आज नाही रे!' म्हनून."

दलाल पोलिसांकडे येतो तो सौदा हातचा गेल्यावर, हा माझा तोपर्यंतचा अनुभव होता. मी म्हणालो, "बाहेर बसा." आणि विसरलो. बंदोबस्ताची यादी, दोन अर्ज, कोर्टाचे समन्स यांत दिवस गेला. साडेचारला बाहेर आलो तर भाऊ त्याच बाकावर बसलेले.

"अजून इथेच?"

"तुमी बस म्हनले ना. मले आज तीन गिऱ्हाईकं होते. काहून बसलो असन, तुमीच सांगा."

सौद्यासाठी माणूस तीन गिऱ्हाइकं सोडत नाही, एवढं मला कळलं. स्टेशन डायरीत नोंद केली, साधा शर्ट घातला आणि भाऊंच्या मागे निघालो. कोणी विचारलं तर मी भाड्याने घर शोधणारा मास्तर, असं ठरलं.

त्या दीड तासात माझा नकाशा निकामी झाला. नकाशावर होत्या गल्ल्या. भाऊंनी माणसं दाखवली. ही एसटी ड्रायव्हर लोकांची ओळ, इथं दिवसा आवाज करायचा नाही, कोणीतरी झोपलेला असतो. हे बंद घर वादातलं, दोन भावांची दोन कुलुपं. प्रत्येक घरापुढे निळे ड्रम. त्या उन्हाळ्यात नळ दहा-बारा दिवसांनी येई. भाऊ मला ड्रम बघायला शिकवत होते. "झाकनावर दगड असला का घरात बाई हाय समजा. दोरी बांधली का मानूस एकटाच राह्यते."

नर्सबाईंच्या दाराला कुलूप. अंगणातले दोन्ही ड्रम कोरडे, एकाचं झाकण जमिनीवर उलटं.

"परवा नळ आलता," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "इथं लेकीचं लगन असलं तरी नळाच्या दिवशी कोनी घर सोडत नाही. अन् गेलं तरी शेजारी सांगून जाते."

शेजारणीला विचारलं. तिला काही सांगितलेलं नव्हतं. बाई स्वतःहून गेल्या नाहीत, ही माझी खात्री तिथे झाली. ठाण्यात येऊन बेपत्ता व्यक्तीची नोंद केली आणि पुतण्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "सकाळी येतो, साहेब."

सकाळी नऊला तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. मोठ्या शहरात वाढलेला, बोलणं अदबीचं. त्याने नागपूरचा पत्ता दिला. तिथल्या ठाण्याला कळवलं, पण पडताळणीला संध्याकाळ होणार होती. मी दोन तास प्रश्न विचारले. आवाज चढवला नाही. चढवला की समोरच्याला गप्प राहायला कारण मिळतं, हे मी फार पूर्वी शिकलो होतो. पण त्याचं उत्तर एकदाही बदललं नाही. खरं सांगणारा माणूस मधेच अडखळतो, काही आठवून दुरुस्त करतो. हा पाठ म्हणत होता. मात्र पाठ म्हणणं हा काही पुरावा नव्हे.

मी बाहेर आलो. भाऊ आजही धंदा सोडून आले होते. त्यांना म्हणालो, "बाईंना कुठंतरी ठेवलं आहे. बहुतेक गावातच. पण कुठं?"

भाऊंनी मोबाईल काढला. शहरातले दलाल रिकाम्या खोल्यांची माहिती एकमेकांना देतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी एकामागून एक फोन लावले. प्रत्येकाला एकच प्रश्न.

"काय गा, या हप्त्यात पान्याचं न विचारता कोनं खोली घेतली काय?"

मी चकित होऊन बघत राहिलो. भाऊंनी फोनवर हात ठेवून समजावलं, "सायेब, इथं भाडं मागून विचारतेत. पयले विचारतेत, नळ कितव्या दिवशी येते. ज्यानं नाही विचारलं, त्याले तिथं राहाचंच नाही."

पाचव्या फोनला उत्तर मिळालं. बायपासजवळची मागची खोली, एका महिन्यासाठी. घेणाऱ्याने दोनच गोष्टी विचारल्या होत्या: खिडकी रस्त्यावर उघडते का, आणि घरमालक तिथेच राहतो का.

मी आत गेलो, खुर्ची ओढली आणि पुतण्याला म्हणालो, "बायपासची खोली घेताना नळाचं का नाही विचारलंत?"

त्याचा हात फाईलवरून खाली आला. त्याने खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

दोन पंच आणि महिला शिपाई घेऊन आम्ही निघालो. मागची खोली, पत्र्याचं छप्पर, बाहेरून कुलूप. आत नर्सबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी पाण्याची एक रिकामी बाटली. नळाला पाणी नव्हतं. त्या वस्तीत ते आणखी चार दिवसांनी येणार होतं, आणि पुतण्याला हे ठाऊक नव्हतं. जमिनीवर मुखत्यारपत्राचा कागद, सहीची जागा कोरी. त्यावर चष्म्याच्या काचा.

महिला शिपायाने पाणी पाजलं. बाईंनी आम्हाला नीट निरखलं. म्हणाल्या, "चष्मा मीच फोडला. दिसत नाही तर सही कुठं करू? अंगठा मागितला, तर मुठी वळून बसले."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. या वयात, या उन्हात, तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मी काही सांगू शकलो नसतो, म्हणाले.

भाऊ खाटेजवळ गेले. बाईंनी चष्म्याशिवाय त्यांना आवाजावरून ओळखलं.

"आलास? घर विकायचं नाही रे."

"नोका विकू माय," भाऊ म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं, पुतण्याला शिक्षा झाली. प्रशस्तिपत्र मला मिळालं. कागदोपत्री भाऊ फक्त साक्षीदार होते, व्यवसाय दलाली. त्यानंतर मी जिथं बदलून गेलो तिथं नकाशा टांगण्याआधी दलाल, दूधवाला, पोस्टमन यांच्याबरोबर वस्ती पायी फिरलो. माहिती देणाऱ्याचा हेतू जरूर तपासावा. पण तो आत बसवून तपासावा, बाहेर बसवून नव्हे. हे मी उशिरा शिकलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. म्हणून निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातल्या टेबलाशी बसून हे पत्र लिहिलं:

"भाऊंस सप्रेम नमस्कार.

आज शेवटचा दिवस. लोक सत्काराला बोलावत आहेत, पण आधी हे लिहितो. तुम्ही मला वस्ती दाखवली. शाळेने मला वाचायला शिकवलं, पण घर कसं वाचायचं ते तुमच्याकडून शिकलो.

त्या दिवशी मी तुम्हाला साडेदहा ते साडेचार बाकावर बसवलं. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. 'पोलिसांचं असंच राह्यते' म्हणून हसलात. माझे सहा तास गेले ते फायलीत आणि तुमचे गेले ते गिऱ्हाइकांत, असं मी बरेच दिवस समजत होतो. पण बाटलीतलं पाणी कधी संपलं, हे मी नंतर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सुटकेच्या आदल्या दिवशी दुपारी.

तुम्ही तेव्हा माझ्या दाराबाहेर बसला होतात."