मास्तरांचे लाड

माझ्या शेजारच्या खाटेवर एक शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दुकानातल्या शिडीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. बायको नव्हती, दुकानामागच्या खोलीत एकटे राहायचे, आणि परत तिथेच जायचं एवढा एकच ध्यास. मुलाचं आणि मुलीचं त्यांच्यावर इतकं प्रेम, की बघून मला मळमळायचं.

मुलगी सफरचंदाच्या फोडी भरवायची आणि नर्सला सांगायची, "आज आम्ही शहाण्यासारखं जेवलो." चावून चावून दमले मास्तर, आणि आम्ही म्हणे! मुलाने तर त्यांचं कानातलं मशीन पहिल्याच दिवशी घरी नेऊन कपाटात ठेवलेलं. "महागाचं आहे काका, इथे कोणी ढापलं तर?" ओरडून बोललं की मास्तरांना ऐकू यायचं, पण बापासाठी तेवढा घसा कोण कोरडा करणार?

डॉक्टर राउंडला आले. "आजोबा, घरी एकटे राहू शकाल?"

"पोट ना? साफ झालं सकाळीच," मास्तर म्हणाले.

मुलगी कौतुकाने हसली. मुलाने आवाज खाली आणला. "हल्ली हे असंच चालतं. आम्ही वृद्धाश्रम बघून ठेवलाय."

"उद्या ठरवू," म्हणून डॉक्टर मान डोलावत निघाले. मी तोंड उघडेपर्यंत दाराबाहेर.

माझं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी माझ्याच कानातलं मशीन काढलं, पुसलं आणि मास्तरांच्या कानात घातलं. मुलं आली आणि नेहमीसारखी बापाच्या अंगावरून एकमेकांशी बोलत राहिली. मला आता एक अक्षर ऐकू येईना. मास्तर मात्र छताकडे बघत जबडा आवळून पडले होते.

डॉक्टर आले तेव्हा मास्तरच आधी बोलू लागले. डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतलं. मुलगा मध्ये तोंड घालायला गेला, तर त्याला हातानेच गप्प केलं. मुलगी रुमाल डोळ्यांना लावून बाहेर गेली, तिच्यामागे तो दिवटा.

मास्तरांनी मशीन परत दिलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "काय ठरलं?"

"घरी जायचं. आणि तोवर या दोघांना आत सोडू नका म्हटलं."

"मग तोवर इथे तुमचं करणार कोण?"

"ती नर्स आहे की. खेकसते माझ्यावर," मास्तर म्हणाले. "म्हणजे मी उत्तर देईन असं तिला वाटतं."