मेंबरांची फौज

आमच्या गावात सरपंच थेट जनतेतून निवडून आला आणि मेंबर मात्र बहुतेक त्याच्या विरोधातले आले, तेव्हाच जाणत्या माणसांनी कपाळाला हात लावला होता. मी त्या मेंबरांपैकी एक. जागा महिलेसाठी राखीव निघाली. आमचं किराणा दुकान वेशीतच, आम्ही लिंगायत, म्हणजे शेतीवाल्यांच्या दोन भावक्यांत जे काही पिढीजात चाललं होतं त्यात आमचा हात ना पाय. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं, अक्काला उभं करा, तिचा कुणाला त्रास नाही. माझ्याबद्दल गावाने एकमताने काढलेला हा एकमेव निष्कर्ष, आणि तोही धड निघाला नाही.

भांडण लागलं ते बाजारावरून. आमचा मंगळवारचा बाजार वेशीबाहेर, मारुतीसमोरच्या लिंबांखाली भरायचा. सरपंचाच्या मनात आलं की बाजार हायवेला न्यावा. तिथे गाड्या लावायला जागा आहे, गावाचा विकास होईल. त्या जागेला लागून सरपंचाचंच शेत होतं, हा योगायोग. मेंबरांनी विरोध केला. मेंबरांचे पुढारी म्हणजे थोरले मेंबर. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, आणि वेशीतली दोन दुकानं भाड्याने दिलेली. तोही योगायोगच.

सरपंचाने मग बैठक बोलवायचीच बंद केली. ग्रामपंचायतीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून तो फिरू लागला. आम्ही मारुतीच्या सभामंडपात जमलो. थोरले मेंबर उभे राहून म्हणाले, "कुलूप त्याचं असंल, बहुमत आपलं हाय. बहुमत जिथं बसंल तीच संसद!" हे वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की पुढचे दोन दिवस ते पानटपरीवर येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवत होते.

त्या मंगळवारी सरपंचाच्या माणसांनी फाट्यावर ट्रॅक्टर आडवे लावले आणि तेलगावकडून, गेवराईकडून येणारे भाजीचे टेम्पो हायवेला वळवले. गळ्यात पांढरे रुमाल बांधून पोरं उभी होती. एका म्हातारीने डोक्यावरची पाटी घेऊन तरीही वेशीकडे चालायचं धरलं, तर तिची पाटी ओतून दिली. मेथी, कोथिंबीर, सगळं टायरखाली. ती आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. रडली नाही, नुसती लुगड्यावरची माती झाडत राहिली. मी तिला पाणी दिलं आणि तेव्हा माझ्याही डोक्यात गेलं, की याला उत्तर द्यायलाच पाहिजे.

उत्तर द्यायला संसद भरली. पोरांचं दल उभं करायचं, हे एका मिनिटात ठरलं. ते पोसायचं कुणी, यात दुपार गेली. शेवटी ठराव झाला. ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याने ज्वारीचं पोतं द्यायचं, ज्याच्याकडे बैलजोडी त्याने डाळ द्यायची, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने पोरगं द्यायचं. सूर्य मावळायच्या आत गावातले निम्मे ट्रॅक्टर मेव्हण्यांच्या नावावर झालेले होते. स्वतः थोरले मेंबर म्हणाले, "आमचा ट्रॅक्टर काय, तो तर जावयाचा हाय. आमी आपलं वापरतो."

"आणि भाकऱ्या?" मी विचारलं.

"तेवढं तुमी बायकांत ठरवा, अक्का."

तर असा आमचा लष्करी खर्च मंजूर झाला. ज्वारी ज्यांची कमी ती त्यांचीच जास्त गेली, आणि थापणाऱ्या हातांचा ठरावात उल्लेखसुद्धा आला नाही. आमचे मालक दुकानातून गूळ, शेंगदाणे, चहापत्ती देऊ लागले. दिलं नसतं तर हीच पोरं मागायला आली असती, त्यामुळे याला वर्गणी म्हणायचं की काय म्हणायचं, हे आम्ही घरात उघड बोललो नाही.

मग सरदार नेमायचे होते. प्रत्येक मेंबराला आपला भाचा किंवा पुतण्या लढाईत तरबेज आहे असा साक्षात्कार झाला. म्हणून प्रत्येक वॉर्डाची वेगळी तुकडी, प्रत्येक तुकडीला वेगळा सरदार आणि प्रत्येक सरदाराला एक मदतनीस. व्हॉट्सअपचा गट निघाला, त्यात सगळेच ॲडमिन. पिवळे रुमाल मात्र झपाट्याने आले. ते पोरांना पुरून उरले, तर उरलेले आमच्या दुकानात तराजू पुसायला आले.

पुढच्या मंगळवारी पांढरे रुमालवाले फाट्यावर आलेच नाहीत. ते कॅनॉलच्या बाजूने घुसले. तिथल्या तुकडीला धरून बडवलं, आणि बाकीच्या तुकड्या आपापल्या वॉर्डाच्या कोपऱ्यावर उभ्या राहून बघत होत्या. नंतर त्यांना विचारलं, "कावून न्हाई गेलात बे?" तर सरदार म्हणाला, "आमाला आमच्या वॉर्डापुरतं सांगितलंय. तिकडं गेलो असतो आन् इकडं कुणी आलं असतं तर?" दुसरा सरदार निघाला होता, पण त्याच्या मामाचं आणि कॅनॉलवाल्या मेंबराचं बांधावरून वाकडं, म्हणून तो परतला. बाजार हायवेवर भरला. एका विधवेच्या मुलाचा हात कोपरातून मोडला. गेवराईच्या डॉक्टरांनी पट्टी केली, पण तो हात पुढे कधी सरळ झाला नाही. पोलीस आले, आमच्याकडचा चहा प्याले, हायवेवरचाही प्याले, आणि "आपसात मिटवा" असं सांगून गेले.

त्या मुलाच्या आईने सभामंडपात येऊन प्रत्येक मेंबरासमोर उभं राहून एकच विचारलं, "तुमचा भाचा कुठं होता?" तेव्हा मी बोलले. मला काही युद्ध कळत नाही, पण एका चुलीवर सात जणी सैपाक करायला लागल्या की काय होतं ते कळतं. मी म्हणाले, "जो मेंबर हाय त्यानं पोरांवर हुकूम चालवायचा न्हाई, आन् त्याच्या भाच्यानंबी न्हाई. ज्याला हुकूमच चालवायचा असंल त्यानं मेंबरकी सोडावी. सगळ्या गावाचं एक दल, त्याला एकच माणूस."

मेंबरकी सोडायची म्हटल्यावर सगळ्यांचे भाचे क्षणात शांतताप्रिय झाले.

एकच माणूस म्हणून निवडला तो कॅप्टन. हे त्याचं गावातलं नाव, कबड्डीच्या संघामुळे पडलेलं. तिशीतला, जेसीबी चालवणारा. कमी बोलायचा. शिवी द्यायचा नाही, दारू प्यायचा नाही, आणि हे दोन्ही गुण एकत्र असलेला पुरुष गावाला फार दिवसांनी दिसत होता. त्याने पहिल्याच दिवशी पोरांची छाननी केली. पिणारे घरी पाठवले, रील काढणारे घरी पाठवले. उरलेल्यांना सकाळी मैदानात पळवलं. आणि सगळ्या आळ्यांच्या पोरांना त्याने एकाच पंगतीत जेवायला बसवलं. आमच्या गावात हे लग्नातसुद्धा होत नव्हतं. माझ्या घरची शेंगदाण्याची चटणी ज्या ताटांत पडत होती ती ताटं पहिल्यांदाच एका ओळीत पाहिली आणि खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

पहिली कुरकुर आमच्याच मेंबरांनी केली. "दल चांगलं हाय," थोरले मेंबर माझ्या कानाशी लागले, "पण हे पंगतीचं लई व्हायलंय, अक्का. उद्या हीच पोरं घरात येऊन बसतील."

कॅप्टनने लढाई केलीच नाही. तो मंगळवारी पहाटेच पोरांना घेऊन गेवराईच्या मोंढ्यावर, म्हणजे घाऊक बाजारात गेला आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक टेम्पोत ड्रायव्हरशेजारी एकेक पोरगा बसवला. फाट्यावर पांढऱ्या रुमालांनी पाहिलं, तर टेम्पोंची रांगच रांग आणि प्रत्येक काचेतून एक पिवळा रुमाल. त्यांनी स्वतःच ट्रॅक्टर मागे घेतले. वेशीत बाजार भरला. भाजीवाल्या बायांनी कॅप्टनवरून कोथिंबिरीची जुडी ओवाळून टाकली. मालकांनी पोरांना पेढे वाटले, आणि त्यांच्यासारखा माणूस हसत हसत फुकट काही वाटताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला.

आता पोरं घरी जातील, असं आम्ही धरून चाललो होतो.

मेंबरांनी त्यांना सभामंडपात बोलावलं. नारळ दिले. थोरले मेंबर म्हणाले, "पोरांनो, तुमी गावाची शान राखली. आता घरी जा, अभ्यासाला लागा." त्यातल्या निम्म्यांची स्वतःची पोरं शाळेत होती.

कॅप्टन म्हणाला, "जाऊ की. पण बाजारात गाळा देतो म्हणून सांगितलं होतं ना? गाळ्यांचं काय ते बोला."

गाळ्यांचं खरं तर कुणीच काही ठरवलं नव्हतं. प्रत्येक मेंबराने प्रत्येक पोराला एकेकट्याने गाठून वचन दिलं होतं, आणि बाजारतळावर तितक्या चुलीसुद्धा मांडता आल्या नसत्या. एक म्हणाला उपसमिती नेमू. दुसरा म्हणाला आरक्षण बघावं लागेल. तिसऱ्याला महत्त्वाचा फोन आला. पोरांनी नारळ तिथेच पायरीवर ठेवले आणि निघून गेली. घरी मात्र गेली नाहीत. सकाळी मैदानात पळतच राहिली, भाकऱ्या मागतच राहिली.

मग भाजीवाल्या बाया दुकानात येऊन मला सांगू लागल्या, की पिवळे रुमालवाले प्रत्येक पाटीमागे राखणीचे पैसे घेतात. "आदीचे मारत होते काकू, हे गोड बोलून घेतात," एक म्हणाली. मी पुढच्या बैठकीत उभी राहिले आणि कॅप्टनला तोंडावर विचारलं, हा अधिकार तुम्हाला कुणी दिला. तो नेहमीच्या शांतपणाने म्हणाला, "तुमी भाकरी बंद केली तर पोरं काय खातील, काकू?" आणि खरंच तीन आळ्यांनी भाकऱ्या बंद केल्या होत्या. ट्रॅक्टर मेव्हण्यांचे होते, ज्वारी संपली होती. पोसायचं नाही आणि घरीही पाठवता येत नाही, असं ते जनावर आम्हीच दारात बांधलेलं होतं.

त्याच्या पुढच्या बैठकीला मी गेले, तर सभामंडपाच्या पायरीवर दोन पोरं उभी. एकजण मला चांगला ओळखीचा. माझ्या हातची चटणी त्याला भाकरीपेक्षा जास्त लागायची.

"काकू, आज तुमचं नाव न्हाई," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"कशात न्हाई?"

"आत सोडायच्यांत. आज फक्त आपली मानसं."

"मी निवडून आलेय रे. तू कुणी निवडलायस?"

त्याचे कान लाल झाले, पण तो हलला नाही. आत नजर टाकली तर मोजकेच मेंबर बसलेले, आणि थोरल्या मेंबरांची जागा रिकामी. अपमान तर होताच. त्याहून वाईट हे, की ज्याला एकहाती कारभार द्या म्हणून मी जोर लावला, त्याच्याच पायरीवर मी उभी होते.

मी घरी गेले नाही. तशीच तावातावाने सरपंचाच्या घरी गेले. म्हटलं, शत्रू तर शत्रू, निदान निवडून आलेला आहे. त्याला सांगावं, कुलूप काढ आणि खरी बैठक बोलाव.

ओसरीवर सरपंच बसला होता. त्याच्या शेजारी, त्याच सोफ्यावर, बशीत चहा ओतून थोरले मेंबर.

"या अक्का," सरपंच म्हणाला, "तुमचीच आठवण निघाली होती. साखर कमी ना?"

दोघांनी सगळं आधीच मिटवलेलं होतं. सरपंच तब्येतीच्या कारणाने राजीनामा देणार. पोटनिवडणूक बिनविरोध होणार. उमेदवार कॅप्टन.

"तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय का?" मी थोरल्या मेंबरांना म्हणाले. "त्यानं तुमाला संसदेतून हाकललं, आन् तुमी त्याला गादीवर बसवायलेत?"

थोरल्या मेंबरांनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या. "फौज परवडंना, अक्का. तिच्यापरास सरपंच केलेला सवस्त पडतो. खुर्चीवर बसला की पोरं आपोआप त्याच्यावर रुसतील. आपल्याला काई करायचं कामच न्हाई."

मी चहा न पिता उठले. दोघांनी उठून मला निरोप दिला, एकदम खानदानी माणसांसारखा.

सगळं तसंच झालं. कॅप्टन बिनविरोध आला. ग्रामपंचायतीचं कुलूप निघालं. विजयाचं जेवण झालं त्यात पंगती पुन्हा आळीप्रमाणे बसल्या. कुणी बसवल्या असं नाही, आपोआप बसल्या. गाळे निघाले, ते हायवेला, जुन्या सरपंचाच्या शेताला लागून. नव्या सरपंचाच्या म्हणण्याप्रमाणे तिथे गाड्या लावायला जागा आहे. काही पोरांना मिळाले, बाकीची खरोखरच रुसली. मोडक्या हाताच्या पोराला गाळा मिळाला नाही, कारण शटर दोन हातांनी उचलावं लागतं.

बाजार हायवेला नेण्याचा ठराव आला त्या बैठकीत मी कॅप्टनला विचारलं, "मग वेशीसाठी एवढी मारामारी कावून केली?"

"तवा परिस्थिती येगळी होती, काकू."

मी हात वर करून विरोध नोंदवला. एकटीने. ग्रामसेवकाने ठराव वाचून दाखवला, "सर्वानुमते मंजूर."

"मी न्हाई म्हणाले होते," मी म्हणाले.

त्याने थोरल्या मेंबरांकडे पाहिलं, मग कॅप्टनकडे, आणि समजुतीच्या सुरात मला म्हणाला, "अक्का, एकटीचा विरोध सर्वानुमतेतच धरतात."

सही न करता मी बाहेर आले. त्यामुळे काही अडलं नाही. मंगळवारी आता आमच्या दुकानात गिऱ्हाईक कमी असतं. ज्यांना हायवेपर्यंत चालवत नाही अशा काही म्हाताऱ्या अजून लिंबाखाली पाट्या मांडतात. दुपारी मी त्यांच्यात जाऊन बसते, दुकान मालक बघतात. त्यांना उठवायला अजून कुणी आलेलं नाही. फौजेला हायवेवर काम पुष्कळ आहे.