चिंच-मिठाचं पाणी

हे मी माझ्या मुलीलाही सांगितलेलं नाही. यांना तर नाहीच — आणि आता ते शक्यही नाही. यांना जाऊन वर्ष होत आलं. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच लिहायला धजते आहे.

भूमला आमचा लहानसा दवाखाना होता. खाली दवाखाना, वर घर. हे सर्जन. हर्निया, अपेंडिक्स, कोयत्याच्या जखमा — आसपासच्या गावांतली माणसं एसटीनं यायची. मी मराठीत एम.ए. केलेली. लग्न होऊन आले तेव्हा स्पिरिटचा वास आला तरी माझं डोकं दुखायचं. पण एकदा कुणीतरी कात्र्या ओल्याच डब्यात बंद केल्या, सांध्यांत गंज धरला, आणि यांनी मला अगदी हळू विचारलं, "हे तू बघशील का?" तेव्हापासून हत्यारं माझ्याकडे.

ते काम मला आवडायचं — हेही आधी कधी बोलले नाही. ऑपरेशन झालं की प्रत्येक कात्री, प्रत्येक चिमटा उघडायचा. सांध्यातलं रक्त वाळायच्या आत मऊ ब्रशनं धुवायचं. मग शुद्ध पाण्यातून काढून फडक्यावर उघडंच पसरायचं, पार कोरडं होईपर्यंत. सांध्यात तेलाचा थेंब. मग उघड-मीट करून कानाशी धरायचं. चांगली कात्री कुरकुरत नाही. शेवटी कापडात बांधून वाफेच्या भांड्यात. आमच्याकडच्या सुभद्रामावशी, दवाखान्यातल्या आया, म्हणायच्या, "बाई, लेकराला बी इतकं न्हाऊ-माखू घालत न्हाय कुणी. ह्यास्नी आता काजळ-तीट तेवढी लावा."

माझ्या हातून आलेलं हत्यार यांनी कधी डोळ्यांसमोर धरून तपासलं नाही. हात पुढे करायचे आणि घ्यायचे. पुढचं सगळं या सवयीवरच घडलं, म्हणून सांगते.

त्या उन्हाळ्यात आमची बोअर आटली. टँकरचं पाणी इतकं जड की बादलीलासुद्धा पांढरा थर बसायचा. शुद्ध पाण्याचे कॅन संपलेले. हत्यारांवर पांढरे डाग धरले, घासूनही जाईनात. अक्षय्य तृतीया तोंडावर होती. देवाची पितळी भांडी मी चिंच-मिठाच्या पाण्यात टाकली होती — समई, तबक, घंटा. बघता बघता थर सुटला, पितळ हसायला लागलं. मला वाटलं, हेच का करू नये? दुसऱ्या पातेल्यात तसंच पाणी केलं आणि हत्यारं बुडवली. घटकाभरासाठीच. तेवढ्यात पाहुणे आले, पुरणाची घाई झाली, आणि मी विसरले. सकाळी आठवलं.

पोलादाला मीठ चालत नाही हे मला माहीत नव्हतं का? होतं. पितळेच्या नादात डोक्यातून गेलं. पण तो माझा गुन्हा नाही. तसं असतं तर हे लिहायला बसलेच नसते.

हत्यारं दिसायला लख्ख झाली होती. मी धुतली, वाळवली, तेल दिलं. त्यांत यांचा आवडता नीडल होल्डर होता — टाके घालताना सुई पकडायचा चिमटा, सोनेरी कड्यांचा. त्याच्या तोंडात वेगळ्या, फार कठीण धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. सुई हलू नये म्हणून. टाक्यांना यांना दुसरा चालायचाच नाही.

त्यानंतरच्या ऑपरेशनहून हे वर आले ते उशिरानंच. टाके नीट पडले होते, पेशंट बरा होता, पण वेळ फार लागला होता. जेवताना उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "सुई फिरते आहे माझ्या हातात."

दुपारी यांनी तोच होल्डर वर आणला. जुन्या चादरीचा तुकडा टेबलावर ताणून टाके घालत बसले. मी समोर भाजी निवडत होते. सुई फिरत होती. हे पुन्हा धरत, ती पुन्हा फिरे. मग होल्डर खाली ठेवून हसले. "साठीनंतर हात जातो म्हणतात. तो असा जातो होय."

हे आत जाऊन आडवे झाल्यावर मी यांचं भिंग घेतलं. पट्ट्यांवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. एका पट्टीला केसासारखी चीर होती आणि नखानं दाबली की ती किंचित हलत होती. चिंच आणि मीठ. हात नव्हे.

आतल्या खोलीत हे कुशीवर झोपले होते. उठवून एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी भिंग जागेवर ठेवलं.

पहिल्या दिवशी लाज होती, एवढंच. दुसऱ्या दिवशी यांनी ऑपरेशनं पुढं ढकलली आणि संध्याकाळी माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. मी वाचत होते. "मोठ्यानं वाच की," म्हणाले. इतक्या वर्षांत यांना ऐकायला वेळ कधी झाला होता? मी वाचलं. आणि तेव्हा — लाज मागं पडून दुसरंच काही मनात आलं. हे असेच राहिले तर?

यांनी एकदा सरळ विचारलंही होतं. "अगं, हत्यारात तर काही नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी बघितलंय."

बघितलं होतं हे खरं होतं. यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही.

यांनी ऑपरेशनं बंद केली. तपासणी, औषधं एवढंच ठेवलं. सोनारीच्या एक आजी हर्नियासाठी आल्या. बार्शीला जा म्हटल्यावर जागच्या हलेनात. "तिथं माझं कोण हाय? तुमीच करा. म्या मेले तरी तुमाला बोल लावणार न्हाय."

"मेल्यावर कसा लावाल, आजी?" हे म्हणाले. मग हात पुढे केला. "हा आता भरवशाचा राहिला नाही."

आजींनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "थरथरत तर न्हाय," म्हणाल्या.

मी दारात उभी होते. सगळं ऐकत होते. आजींचं ऑपरेशन बार्शीला नीट पार पडलं. ते माझं नशीब. माझी करणी नव्हे.

पुढं यांनी सगळी हत्यारं एका तरुण डॉक्टरांना देऊन टाकली. त्याआधी मी तो होल्डर काढून घेतला आणि आटलेल्या बोअरच्या पाइपात सोडला. आवाज फार खालून आला. "सोनेरी दिसला नाही," हे म्हणाले. मी म्हटलं, असेल त्यांतच.

आणि मग खरंच हात थरथरायला लागला. लगेच नाही. आधी हे चहाचा कप दोन हातांनी धरू लागले — सांडेल म्हणून. सही करताना थांबू लागले. मुलीनं पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांना काही सापडलं नाही. वयाचा असेल कंप, म्हणाले. असेलही. मला तसं मानता आलं असतं, पण टेबलावरचा तो चादरीचा तुकडा मी पाहिला होता.

यांनी तक्रार केली नाही. माझ्या हातांचं मात्र कौतुक करायचे. "तुझे हात चांगले राहिले," म्हणायचे.

शेवटच्या वर्षात हे स्वतःच्या हातानं जेवेनात. चमचा तोंडापर्यंत पोचायच्या आत सांडायचा आणि यांना चारचौघांत संकोच वाटायचा. मी भरवायचे. मऊ भात, वरण, वर थोडं तूप. घास घेताना हे डोळे मिटायचे, लहान मुलासारखे. दुपारची वेळ, खाली दवाखाना बंद, वर आम्ही दोघंच.

मला ते फार आवडायचं. वाटी रिकामी होऊ नये असं वाटायचं.