इथरची बाटली

नारीन शहरातल्या शाळेची प्रयोगशाळा सायरागुल तेवीस वर्षं सांभाळत होती. सगळे तिला ‘एजे’ म्हणजे ताई म्हणत. त्या दिवशी सकाळी तिने कोठीतलं कपाट सरकवलं, तर भिंतीलगत इथरची जुनी बाटली निघाली. टोपणाभोवती पांढरे स्फटिक जमले होते. तिने बाटलीला हात लावला नाही. इथर हवेतला ऑक्सिजन हळूहळू ओढून घेतं, त्याचं पेरॉक्साइड बनतं आणि मग नुसतं टोपण फिरवलं तरी स्फोट होऊ शकतो, हे ती दरवर्षी मुलांना बजावत आली होती. भिंतीपलीकडे पाचवीचा वर्ग भरला होता.

पाय न वाजवता ती बाहेर आली आणि तिने मुख्याध्यापकांना, तुरातबेकना, गाठलं.

“बाटलीच ना, एजे? मोरीत ओतून टाका,” ते म्हणाले. “आज तपासणीला वरचे लोक येतायत.”

“मग तुम्हीच उघडा, तुरातबेक. पण आधी मला पोरं बाहेर काढू द्या.”

तुरातबेकनी स्वतः जाऊन घंटा वाजवली, पोरं मैदानात काढली आणि बॉम्बनाशक पथकाला फोन केला.

पथक यायला दोन तास लागले. तोवर ती व्हरांड्याच्या टोकाशी कुणाला आत न सोडता उभी होती. कुठे दार आपटलं की तिचा जीव वरखाली होई. शेवटी पथकाने बाटली वाळूच्या पेटीतून नदीकाठी नेली आणि लांबून उडवली. शाळेच्या काचा थरथरल्या.

तुरातबेकनी तिच्यासाठी खुर्ची आणि चहा आणला. चहाची वाटी तिच्या हातात ठरेना, म्हणून त्यांनीच ती खालून धरून ठेवली.